जीपचे इंजिन पावसाळाभर ठेवायचे आणि मग हलवायचे आहे, घोडी कशी बनवावी?

घोडबंदर_५४०

नमस्कार मंडळी,

महिंद्रा एमएम ५४० आहे, प्यूजोचे २११२ सीसी डिझेल इंजिन. बॉडी आणि चासीचे काम रबाळ्याला चालणार आहे आणि ते पावसाळा उलटल्याशिवाय पुरे होत नाही. तोवर इंजिन घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये राहील, नंतर छोट्या टेम्पोतून रबाळ्याला जाईल. सोसायटीने लेखी परवानगी दिली आहे. अट एकच, आवारात वेल्डिंग करायचे नाही.

इंजिन सध्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमध्ये जुन्या टायरवर ठेवलेले आहे. गियरबॉक्स वेगळा काढला आहे. फ्लायव्हील, क्लच, सेल्फ, अल्टरनेटर धरून भंगारवाल्याच्या काट्यावर २२० किलो भरले. गॅरेजचा एक टनाचा चेन ब्लॉक आणि वेल्डिंग मशीन वापरायला मिळेल.

घोडीचे (इंजिन ठेवायच्या स्टँडचे) दोन पर्याय डोक्यात आहेत: बेल हाउसिंगच्या (इंजिनाचे मागचे तोंड, जिथे गियरबॉक्स जोडतात) बाजूने धरणारी फिरती घोडी, किंवा खाली चाके लावलेली चौकट. पाइप किती जाडीचा घ्यावा, चाके केवढी, इंजिन कुठे कुठे टेकवावे? पार्किंगचा कोबा चांगला आहे, पण गेटपासून आत येताना पेव्हर ब्लॉक, मध्ये गटाराची जाळी आणि एक उतार लागतो. इंजिन आतून गंजू नये म्हणून काय करून ठेवावे, तेही सांगा.

वागळे_फॅब

नुसते ठेवायचे आणि हलवायचे असेल तर चौकटच करा. फिरती घोडी इंजिन उघडायला-जोडायला उत्तम, पण तिच्यात सगळे वजन मागच्या चार बोल्टांवर लोंबकळते. इंजिनाचा गुरुत्वमध्य त्या प्लेटपासून साधारण ३०० मिमी पुढे धरला तर २२० किलोचा ६६ किलोग्रॅम-मीटर पीळ घोडीच्या मानेवर कायम राहतो. ढकलताना चाक जाळीत अडकले की झटक्याने तो कितीतरी वाढतो. शिवाय इंजिन उंचावर जाते. गुरुत्वमध्य ९०० मिमी उंच आणि चाकांच्या मध्यापासून कड (जिच्यावर घोडी उलटेल ती रेषा) ३०० मिमी दूर असेल तर साधारण १८ अंश कलल्यावर घोडी उलटते. खाली सांगतो त्या चौकटीत गुरुत्वमध्य ४८० मिमीच्या आसपास येतो, कड ३१५ मिमीवर, म्हणजे सुमारे ३३ अंश मिळतात. उतार आणि जाळी पार करायची आहे, तेव्हा हा फरक मोठा आहे.

माल: ५० × ५० × ३ मिमी एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप, सहा मीटरची एक लांबी. ही साधारण २६ किलो भरते. सहा मीटरमध्ये सगळे बसते, पण कटिंग आधी कागदावर मांडा, नाहीतर शेवटचा तुकडा कमी पडतो. मापे अशी: लांबीचे दोन पाइप ८०० मिमीचे, एकमेकांपासून ४०० मिमी अंतरावर. आडवे दोन ७५० मिमीचे, एक पुढे, एक मागे. हे दोन्ही बाजूंना बाहेर येतात आणि त्यांच्या टोकांखाली चाके. पुढचे दोन खांब, मागचे दोन खांब, मागच्या खांबांना जोडणारा ४०० मिमीचा एक पाइप आणि प्रत्येक खांबाला एक तिरका आधार. खांबांची उंची कोणाच्या सांगण्यावरून कापू नका, ती इंजिन टांगून घ्यायची आहे.

आडवे पाइप लांबीच्या पाइपांच्या वर बसवा, खाली नाही. मग लांबीचे पाइप चाकांच्या पातळीला लोंबतात, चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरते आणि इंजिन ५० मिमीने खाली येते. चेंबर जमिनीपासून १०० ते १२० मिमी वर राहू द्या.

एवढा पाइप पुरतो का, हे मोजून दाखवतो. एकूण वजन चौकटीसकट २५५ किलो धरा. फरशी उंचसखल असेल तर काही क्षण समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोनच चाकांवर सगळा भार येतो, म्हणजे एकावर १२८ किलो. चाक लांबीच्या पाइपापासून १५० मिमी बाहेर आहे. त्या जागी पाइपात येणारा ताण सुमारे २३ मेगापास्कल. आयएस ४९२३ (अशा पाइपांचे भारतीय मानक) मधला सर्वांत खालचा दर्जा वायएसटी २१० आहे, म्हणजे पाइप २१० मेगापास्कलपर्यंत कायमचा वाकत नाही. ताकदीचा प्रश्नच नाही. २ मिमीचाही चालला असता, पण वेल्डिंगचा सराव नसलेला माणूस पातळ भिंतीला भोक पाडतो आणि मग ते भरत बसतो. म्हणून ३ मिमी. घरगुती घोड्या मोडतात त्या पाइपामुळे नाही, चाकांमुळे, वेल्डमुळे आणि चुकीच्या बोल्टांमुळे.

आता टेकवायचे कुठे. चेंबरवर अजिबात नाही. पत्र्याचे चेंबर दबले की तळ वर येऊन ऑइलच्या जाळीला चिकटतो, आणि इंजिन चालू केल्यावर पंपाला ऑइल कमी मिळते. बाहेरून तो खड्डा क्षुल्लक दिसतो. टायरवरही हेच होते, तेव्हा आजच तिथून उचला. पुढे दोन्ही बाजूंच्या फाउंडेशन ब्रॅकेटवर टेकवा, जे चासीत टेकतात तेच. खांबाच्या डोक्यावर ८० × ८० × ८ मिमीची प्लेट, त्यात गोल भोक नाही तर १२ × २५ मिमीचा स्लॉट, म्हणजे बसवताना थोडे सरकवता येते. मागे बेल हाउसिंगच्या तोंडाची खालची दोन भोके. तिथे एक अखंड प्लेट लावायला जाऊ नका, फ्लायव्हील आणि क्लच आडवे येतात. ८ मिमीचे दोन सुटे कान कापा, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुठ्ठा त्या तोंडावर धरून बोटाने दाबला की कडा आणि भोके उमटतात, त्यावरून कान कापता येतात. लावून झाल्यावर फ्लायव्हील हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठे घासायला नको.

बोल्ट ८.८ दर्जाचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. आटे गेजने मोजा. दहा मिमीच्या बोल्टात दीड मिमी अंतराचाही आटा येतो आणि सव्वाचाही, दोन फेरे हाताने जातात म्हणून तोच असेल असे नाही. ओतीव लोखंडात बोल्ट निदान स्वतःच्या व्यासाच्या दीडपट आत जायला हवा. पण भोकाची खोली काडीने मोजून घ्या, बोल्ट तळाला टेकून पाना मारला तर ब्लॉकला तडा जातो. लांब बोल्ट घालून मध्ये पाइपाचा तुकडा सरकवण्याची युक्ती सगळीकडे दिसते, ती टाळा. बोल्ट ओढायला बनवलेला असतो, तिथे तो वाकतो.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा. आधी खालची चौकट सपाट जागेवर मांडा, चारी कोपऱ्यांना टाके (ठिपक्याएवढे कच्चे वेल्ड) मारा, कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून वेल्ड करा, एका बाजूने सलग गेलात तर चौकट ओढली जाते. २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ७० ते ९० अँपिअर. पाइपावरची काळी पापुद्री ग्राइंडरने आधी काढा. गॅल्व्हनाइज्ड पाइप मिळाला तर वेल्डच्या दोन इंच आसपासचा जस्ताचा थर घासून टाका, तो धूर वाईट असतो.

मग चेन ब्लॉकवर इंजिन समतल टांगा, चौकट खाली सरकवा, ब्रॅकेट आणि कान बोल्टाने इंजिनाला लावा आणि खांब त्यांच्यापर्यंत मापून कापा. फक्त टाके मारा. त्या वेळी अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी, चौकटीवर हवा. इंजिनाला चिमटा लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि शेलवर डाग पडतात. इंजिनाच्या उघड्या तोंडांवर झाकण हवे, वेल्डची ठिणगी इनटेकमध्ये गेलेली कळत नाही. टाके पडले की इंजिन वर घ्या, चौकट बाजूला न्या आणि पूर्ण वेल्ड तिथे करा. खांबांच्या बुडाला ६ मिमीचे त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला बळकटी देणारे तुकडे). पाइपांची उघडी टोके पत्र्याने बंद करा, नाहीतर आत पाणी राहते.

इंजिन ठेवण्याआधी सिमेंटच्या सहा गोण्या चढवा. ५० किलोप्रमाणे ३०० किलो होतात. गेटपर्यंत नेऊन आणा, जाळीवरून सुद्धा. कुठे काही सुटणार असेल तर गोण्यांखाली सुटलेले बरे.

ऐरोली_कॅस्टर

वरचे सगळे बरोबर. चाकांबद्दल मी सांगतो, कारण बहुतेक लोक पाइपाला पैसे घालतात आणि चाके पलंगाची लावतात.

भार चाराने भागू नका, तिनाने भागा, उंचसखल जागी एक चाक अधांतरी राहते. २५५ भागिले तीन म्हणजे ८५ किलो. धक्क्यासाठी दुप्पट धरा. म्हणजे प्रत्येक कॅस्टर (वरच्या प्लेटसकट चाक) निदान १७० किलोचा, बाजारात २०० चा घ्या. व्यास १२५ मिमी. पेव्हर ब्लॉकवर ५० मिमीचे चाक प्रत्येक फटीत बसते आणि घोडी जागच्या जागी थांबते, वरचे इंजिन मात्र पुढे जात असते. उलटते ते अशाच वेळी. तरीही गटाराच्या जाळीवर चाकांच्या भरवशावर जाऊ नका. १२ मिमीचा प्लायवुड किंवा ५ मिमीची एमएस प्लेट टाकून वरून न्या.

चाकाचा माल: कोऱ्या कोब्यावर नायलॉन सर्वांत हलके पळते, पण पेव्हरवर खडखडते आणि प्रत्येक धक्का वर पोचवते. रबर शांत, पण चार महिने एकाच जागी वजनाखाली राहिले की खाली चपटे होते. तुमच्यासाठी ओतीव लोखंडाच्या गाभ्यावर पीयू (पॉलियुरेथेन) चढवलेले चाक योग्य. आपल्याकडच्या दमट हवेत हलके पीयू काही वर्षांनी भुसभुशीत होऊन सुटते, एका पावसाळ्याला काही होत नाही.

दोन चाके स्थिर, दोन फिरती. चारही फिरती असली की अरुंद जागेत आडवे सरकवायला सोपे जाते, पण उतारावर गाडा आपल्या मनाने तिरका धावतो. तुमच्याकडे उतार आहे. फिरत्या चाकांना असा ब्रेक घ्या जो चाक आणि वरची फिरकी दोन्ही अडवतो. नुसते चाक अडवणारा ब्रेक असेल तर घोडी जागेवर गिरकी घेते.

वागळे_फॅब यांनी कड ३१५ मिमी धरली आहे, ३५० नाही, त्याचे कारण इथे आहे. फिरते चाक आत वळले की त्याचा टेकण्याचा बिंदू ३०-४० मिमी आत येतो. म्हणून चाके जितकी बाहेर नेता येतील तितकी न्या. कॅस्टरची प्लेट वेल्ड करू नका. उष्णतेने फिरकीतले ग्रीस जळते आणि नंतर चाक बदलताही येत नाही. ६ मिमीची प्लेट पाइपाला वेल्ड करा, कॅस्टर तिला चार एम१० (१० मिमीच्या) बोल्टांनी, नायलॉक (धक्क्यांनी सैल न होणाऱ्या) नटांसह.

ठेवल्यावर चौकटीखाली चार लाकडी ठोकळे घाला आणि वजन चाकांवरून काढा. मग ब्रेक, चपटेपणा, काही बघावे लागत नाही.

नेरुळ_लाकूडकाम

वेल्डिंगचीच अडचण असेल तर लाकडी चौकटही होते. ४ × ३ इंची साल किंवा तत्सम जड लाकूड, दोन लांब, तीन आडवी, १२ मिमीचे आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर. खिळे नकोत. खांबांऐवजी ब्रॅकेटच्या मापाचे ठोकळे रचायचे. गोदामात वापरतात ती हँड पॅलेट ट्रक खाली घालता येईल एवढी फट ठेवली तर चाकेही लागत नाहीत.

वागळे_फॅब

ठेवण्यापुरते चांगले आहे, आणि टायरपेक्षा शंभर पटींनी. पण दोन गोष्टी. पावसाळ्यात लाकूड फुगते, मग सुकते, बोल्ट सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात. आणि पॅलेट ट्रकची पुढची चाके लहान असतात, पेव्हर ब्लॉकवर ती चालत नाही. ज्याला इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवायचे आहे त्याने जरूर लाकडाचे करावे. इथे गेट ते पार्किंग न्यायचे आहे आणि वेल्डिंग गॅरेजमध्ये होणार आहे, मग अडचण उरतच नाही.

कळवा_डिझेल

घोडी झाली, आता इंजिनाचे. खाडीच्या बाजूला हवा खारट आणि ओली, जून ते सप्टेंबर उघडा बोअर काही आठवड्यांत तांबूस होतो.

जुने ऑइल काढा. त्यात जळणातले आम्ल आणि ओल असते, ती बेअरिंगवर बसते. नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालून ठेवा. साधे ऑइल पुरे, चालू करण्याआधी पुन्हा बदलायचेच आहे. ब्लॉकमधले पाणी ड्रेन कॉकने काढा. कॉक उघडून काही आले नाही तर ब्लॉक रिकामा आहे असे समजू नका, गाळ बसलेला असतो, तार घालून मोकळा करा. इथे पाणी गोठून ब्लॉक फुटण्याची भीती नाही, पण अर्धवट पाणी राहिले की त्या रेषेवर गंज धरतो. पूर्ण काढा, हवा मारून सुकवा, होजची तोंडे बंद करा.

हीटर प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिली इंजिन ऑइल सोडा. या इंजिनात प्री-चेंबर (सिलिंडरच्या डोक्यातली जळणाची छोटी पोकळी) आहे, त्यामुळे ऑइल लगेच बोअरमध्ये उतरत नाही. थोडा वेळ थांबा, मग पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन चालते त्याच दिशेने, सावकाश चार-पाच फेरे द्या. प्लग काढलेले असतानाच फिरवा. जास्त ऑइल ओतून प्लग लावले आणि नंतर सेल्फ मारला तर पिस्टनला दाबायला हवा मिळत नाही, ऑइल दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चालू करायच्या दिवशी आधी प्लग काढून फिरवायचे, हे एका पुठ्ठ्यावर लिहून इंजिनालाच बांधा. काम दुसरा मिस्त्री करणार असेल तर त्याला हे कळणार कसे?

इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे ३ मिमी पत्रा किंवा प्लाय कापून, मध्ये गास्केटचा कागद घालून, बोल्टांनी बंद करा. फडकी कोंबू नका. फडके ओल ओढून घेते, उंदरांना घर मिळते आणि एखादे आतच राहून जाते. बंद करण्याआधी आत सिलिका जेलची पुडी दोऱ्याने बांधून ठेवा, दोरा बाहेर दिसेल असा. नोझलच्या नळ्या आणि फ्युएल पंपाची तोंडे टोप्यांनी बंद करा. त्यातून कचरा गेला तर खर्च घोडीच्या कितीतरी पट होतो.

क्लच प्लेट काढून घ्या. प्रेशर प्लेटने दाबलेली प्लेट ओल लागून फ्लायव्हीलला चिकटते. फ्लायव्हीलचे तोंड, रिंग गियर आणि बेल हाउसिंगचे घासलेले तोंड यांना ग्रीसचा पातळ हात द्या, क्लच बसवताना फ्लायव्हील थिनरने पुसून काढा. पातळ स्प्रे उडून जातात, चार महिने टिकत नाहीत.

वर सुती चादर, तिच्यावर ताडपत्री, पण खालून मोकळी. प्लॅस्टिकने गच्च गुंडाळले की आतली ओल रात्री थंड होऊन इंजिनावरच पाणी धरते. महिन्यातून एकदा सव्वादोन फेरे द्या. पूर्ण दोन दिले तर पिस्टन पुन्हा त्याच जागी येतात आणि तेच व्हॉल्व्ह उघडे राहतात.

घोडबंदर_५४०

मनापासून आभार. टायरवरून आजच उचलायला सांगितले. दोन शंका उरल्या. उतारावर किती माणसे लागतील? आणि टेम्पोत चौकटीसकट चढवले तर कसे बांधावे?

ऐरोली_कॅस्टर

उतार मोजा. दहा फुटांत एक फूट चढत असेल तर २५५ किलोच्या गाड्याला रोखायला साधारण २५ किलोचा जोर लागतो, पेव्हरवर ढकलताना चाकांची ओढ त्यावर आणखी. म्हणजे दोन माणसे पुरेत, तिसरा पुढे फळ्या टाकायला आणि चाकामागे पाचर द्यायला. उतरताना कोणीही उताराच्या खालच्या बाजूला उभे राहायचे नाही. चौकटीच्या वरच्या बाजूला दोर बांधून खांबाला एक वेढा द्या आणि हळूहळू सोडत जा. दोर चौकटीला बांधा, इंजिनाला नाही. स्थिर चाके उताराच्या दिशेने सरळ ठेवा.

वागळे_फॅब

टेम्पोत फळीवरून ढकलत चढवू नका. चेन ब्लॉक गॅरेजमध्ये आहे, पण तुम्ही सोसायटीतून निघणार, तेव्हा इंजिन क्रेन भाड्याने बोलवा. उचलताना दोन साखळ्यांमधला कोन सांभाळा. साखळी आडव्याशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकीवर वजनाच्या ५८ टक्के येते, ३० अंशांपर्यंत पसरली तर प्रत्येकीवर पूर्ण २२० किलो. साखळ्या आखूड बांधल्या की हेच होते. स्टिल्टच्या स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला चेन ब्लॉक लावायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका.

टेम्पोत चौकट ४ × ३ च्या दोन लाकडांवर ठेवा, म्हणजे चाके तळापासून वर राहतील. ब्रेक लावलेले चाकही धक्क्यांनी सरकते. चौकट पुढच्या फाळक्याला टेकवा, कारण टेम्पो ब्रेक मारतो तेव्हा सगळे पुढे जाते. चार रॅचेट पट्टे, चारी कोपऱ्यांतून तिरके, चौकटीच्या पाइपांना. टप्पेट कव्हरवरून किंवा अल्टरनेटरवरून पट्टा नेला तर तेच दबते. थोडे पुढे गेल्यावर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, लाकूड बसते आणि पट्टे सैल होतात. आणि टेम्पोवाल्याला सांगा, ऑइल भरलेले इंजिन आहे. डिपस्टिकची नळी आणि ब्रीदर कापडाने नाही, रबरी टोपीने बंद करा, नाहीतर रबाळ्याला पोचेपर्यंत तळ ऑइलने माखतो.